डमास्कस सुरी: राखाडीतून एकदाची सुटका

काल रात्री माझ्या डमास्कस (थरांच्या पोलादाच्या) सुरीवर नक्षी उठली! मागच्या वेळी टाकलेल्या फोटोत पातं नुसतं राखाडी दिसत होतं, त्यावर ‘प्रकाश नीट नाही’ म्हणणाऱ्यांसाठी: प्रकाशाचा काही संबंध नव्हता, पातंच तसं दिसत होतं. १०८४ (काळं पडणारं) आणि १५एन२० (निकेलचं, चकचकीत राहणारं) या दोन पोलादांचे १२० थर, सगळे सांधे पक्के, थर सांधताना वापरलेल्या टाकणखाराचा कुठे डाग नाही, आणि नक्षी उठवणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून बाहेर काढलं की राखाडीवर राखाडी. डोकं फिरायची वेळ आली होती.

पहिला संशय द्रावणावर. सर्किट बोर्डवाल्यांकडचं फेरिक फार कडक असतं, म्हणून एकास चार पाणी केलं. रेषा सुबक आल्या, पण काळा रंग काही येईना. दुसरा संशय पोलादावर, कारण विक्रेत्याने ‘टेस्ट सर्टिफिकेट नंतर पाठवतो’ म्हटलं ते अजून येतंच आहे. दोन्ही पट्ट्यांचे उरलेले तुकडे पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून, म्हणजे कडक करून), घासून त्याच टाकीत सोडले. एक काळाकुट्ट, दुसरा लखलखीत. म्हणजे माल चोख. वेल्डिंगच्या उष्णतेत कार्बन सगळ्या थरांत सारखा पसरला असणार, असंही कुणी सुचवलं होतं. तो पसरतोच, पण काळं-पांढरं दिसतं ते मुख्यतः मँगनीज आणि निकेलमुळे, आणि ते जागचे फारसे हलत नाहीत.

उत्तर शेवटी कानशीने दिलं. रिकासोपाशी (मुठीजवळच्या बिनधारेच्या भागापाशी), जिथे घासायचा बेल्ट जास्त फिरला होता, तिथे कानस काचेवरून घसरावी तशी घसरत होती, म्हणजे पोलाद कडक. पात्याच्या पोटावर मात्र चावायची, बारीक भुकटी निघायची, म्हणजे तिथे मऊ. पाणी नीट चढलेलं, पण वरच्या सालीतला कार्बन भट्टीत जळून गेलेला! कोळशाच्या भट्टीत हवा जास्त झाली की हे होतंच. मी इतके दिवस त्या मऊ, काळी न पडणाऱ्या सालीलाच फेरिकची आंघोळ घालत बसलो होतो.

दोन्ही बाजूंनी साधारण पाव मिलिमीटर काढलं. नवा ६० नंबरचा बेल्ट, दर फेरीला पाण्यात बुचकळी, नाहीतर पातं तापून टेंपर (त्याची कडकाई) उतरायचं. मग २२० पासून १२०० पर्यंत वॉटर पेपर, सगळं हाताने, मागे सपाट ठोकळा लावून. (बेल्टवर पैसे वाचवू नका. स्वस्तातला बेल्ट घासत नाही, नुसता तापवतो.) मग फेरिकमध्ये दहा-दहा मिनिटांच्या डुबक्या, मध्ये २००० च्या पेपरचा हलका हात, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात. टाकी म्हणजे एका टोकाला बूच लावलेला पीव्हीसी पाइप.

आणि मग कॉफी. कडक इन्स्टंट कॉफीत रात्रभर उभं ठेवलं. चिकोरीवालं पाकीट नको, बिनचिकोरीचीच घ्या. सकाळी १०८४ चे थर शाईसारखे काळे आणि १५एन२० चांदीचं. घरात आता कॉफीचा डबा लपवून ठेवतात.

मूठ म्हशीच्या शिंगाची ठरली होती, पण इतक्या काळ्या पात्याला काळी मूठ लावली तर सगळाच अंधार. शिवाय शिंग पावसाळ्यात हलतं, पिनांपाशी फट पडते. सांबरशिंग सुचवणाऱ्यांनो, गळून पडलेलं असलं तरी ते वन्यजीव कायद्यात अडकतं. त्याच १९७२ च्या कायद्यामुळे या ‘शिकारी’ सुरीच्या नशिबी ट्रेकमधले कांदेच आहेत. तर शिसम लावू.

थांबा, हे लिहिताना सुचतंय: बिलेटचं (थर सांधून केलेल्या पोलादाच्या तुकड्याचं) टोक कापून ठेवलंय, त्याचेच बोल्स्टर (पातं आणि मूठ यांच्यामधले धातूचे तुकडे) का करू नयेत? पितळेचे बोल्स्टर रद्द, फक्त पिना पितळी, ५ मिलिमीटरच्या. बोल्स्टरचा पुढचा चेहरा बसवण्याआधीच घासून, कॉफीत बुडवून तयार करावा लागेल, नंतर तिथे हात पोचत नाही. आणि मग शिसमऐवजी बाभूळच बरी, लालसर रंग काळ्याला उठून दिसेल. नीट वाळलेला तुकडा कुणाकडे असेल तर कळवा. वखारीत मिळते ती ओली असते.