अनवाणी बिकिला आणि आमचा गोल्फ क्लबवरचा वाद

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या कंपूचं एक वाक्य ठरलेलं आहे: "खेळात राजकारण नको." म्हणणारे बहुतेक निवृत्त, आणि नंतर मिसळ खाताना हेच लोक राजकारणाशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. माझं उत्तरही ठरलेलं. मग इथिओपियाचं काय करायचं?

"सर, आली का तुमची इथिओपिया!" भाऊसाहेब म्हणतात. आली. आयुष्य पीटी शिकवण्यात गेलं, मी दुसरं काय सांगणार?

१९३५ मध्ये मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या. पुढच्या वर्षी सम्राट हैले सेलासी यांनी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे जाऊन दाद मागितली. पदरात काही पडलं नाही. इटालियनांनी अक्सुमचा प्राचीन दगडी स्तंभ उचलून रोममध्ये नेऊन उभा केला. १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन त्याच स्तंभाजवळून जात होती. सम्राटांच्या अंगरक्षक दलातला शिपाई अबेबे बिकिला अनवाणी धावत होता, कारण नवे बूट पायाला बसेनात. शेवटच्या टप्प्यात, नेमका त्या स्तंभाजवळ, त्याने वेग वाढवला आणि मोरोक्कोच्या राडीला मागे टाकलं. २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. (तो स्तंभ परत मिळायला इथिओपियाला २००५ उजाडलं.)

माझ्या जास्त आवडीचा मात्र टोकियोचा बिकिला. १९६४, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड महिना झालेला. या वेळी पायात बूट होते. पुन्हा सुवर्ण, दुसरा धावपटू चार मिनिटांनी मागे. आणि रेषा ओलांडल्यावर हा गडी मैदानाच्या मधल्या हिरवळीवर पाठ टेकून पाय वर करून व्यायाम करत बसला! शाळेतल्या पोरांना मी हे करून दाखवायचो.

अनवाणी पायांचं नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा तिच्या पुढच्या दोघी केनियाच्या होत्या. पूर्व आफ्रिकेशी गाठ म्हणजे काय, ते आपल्या पोरींना चांगलंच ठाऊक आहे.

पण कंपूला गप्प करतो तो मामो वोल्डे. १९६८ ला मेक्सिकोत बिकिलाने शर्यत अर्ध्यात सोडली आणि मामोने मॅरेथॉन जिंकली. १९७४ मध्ये सम्राटांची सत्ता गेली, मेंगिस्तूची लष्करी राजवट आली, माणसं किड्यामुंगीसारखी मेली. १९९१ मध्ये मेंगिस्तू पळाला. नव्या सरकारने त्या हत्याकांडाच्या आरोपाखाली अनेकांना आत टाकलं, त्यात मामोही होता. तो शेवटपर्यंत आरोप नाकारत राहिला. कित्येक वर्षं तुरुंगात काढून २००२ च्या जानेवारीत सुटला आणि मे महिन्यात वारला. खरंखोटं मी इथून काय ठरवणार? पण ज्याच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं, त्याचं म्हातारपण कोठडीत गेलं. यात राजकारण कुणी आणलं, सांगा.

फेयिसा लिलेसाने मात्र ते स्वतःहून आणलं. २०१६, रिओ. मॅरेथॉनमध्ये रौप्य घेताना इथिओपियातल्या ओरोमो समाजाच्या सरकारविरोधी आंदोलकांची खूण म्हणून त्याने दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले. मग दोन वर्षं देशाबाहेर. अबी अहमद पंतप्रधान झाल्यावर परतला. त्याच अबींना २०१९ चं शांततेचं नोबेल मिळालं आणि त्यांच्याच कारकिर्दीत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये देशाच्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं.

२०२२ मध्ये अमेरिकेत जागतिक स्पर्धा झाली. पाच हजारात गुदाफ त्सेगाय, दहा हजारात लेतेसेनबेत गिदे, मॅरेथॉनमध्ये गोतितोम गेब्रेस्लासे: महिलांची तिन्ही सुवर्णं इथिओपियाला, आणि तिघीही टिग्रेच्या. त्या वेळी टिग्रेतले फोन बंद होते. पोरगी जगज्जेती झाली, हे घरी कळवायची सोय नव्हती.

यावर भाऊसाहेब म्हणाले, "हे वेगळं आहे सर." कसं वेगळं, ते उद्या सांगणार आहेत.