वायरीशिवाय मेंदूत उजेड

माझ्या मावसभावाला लहानपणापासून फिट येतात. गोळ्या नियमित चालू आहेत, तरी अधूनमधून येतातच. मेंदूबद्दल कुठे काही वाचलं की तो लगेच मला पाठवतो. यावेळी ऑप्टोजेनेटिक्सबद्दलचा, म्हणजे प्रकाशाने चेतापेशी चालूबंद करण्याच्या तंत्राबद्दलचा लेख होता आणि खाली प्रश्न: "ताई, म्हणजे कवटीला भोक पाडून आत वायर ठेवायची का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 2005 मध्ये एड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी क्लॅमिडोमोनास या हिरव्या शेवाळातलं प्रकाश ओळखणारं प्रथिन उंदीरवर्गी प्राण्यांच्या चेतापेशींत बसवलं आणि निळा प्रकाश टाकला की त्या पेशी उत्तेजित करता येतात हे दाखवलं. पण निळा प्रकाश मेंदूच्या ऊतीत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. म्हणून खोलवरच्या पेशी गाठायच्या तर प्राण्याच्या डोक्यात ऑप्टिकल फायबर घालावी लागते.

मला भावलेला मार्ग वेगळा आहे: प्रकाश बाहेरून नेऊच नका, पेशीलाच तो तयार करू द्या. केन बर्गलुंड, उटे होख्गेश्वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रकाश देणारं ल्युसिफेरेज हे एन्झाइम आणि प्रकाशाने उघडणारं चॅनेल (पेशीच्या आवरणातलं विद्युतभारित कणांचं दार) एकाच प्रथिनात जोडून दाखवलं. या जोडप्रथिनाला ल्युमिनॉप्सिन म्हणतात. त्यातलं ल्युसिफेरेज गॉसिया नावाच्या कोपेपॉडकडून, म्हणजे कोळंबीच्या नात्यातल्या चिमुकल्या समुद्री जीवाकडून, घेतलेलं आहे. काजव्याचं का नको? एक तर त्याचा प्रकाश पिवळसर हिरवा, या चॅनेलना हवा निळ्याच्या बाजूचा. शिवाय काजव्याच्या ल्युसिफेरेजला एटीपी हे पेशीतलं ऊर्जाद्रव्य लागतं, गॉसियाच्या ल्युसिफेरेजला नाही. त्याला फक्त प्राणवायू आणि सीलेंटेराझिन हे इंधनासारखं द्रव्य हवं.

या सीलेंटेराझिनशी माझा रोजचा संबंध आहे. मी प्रयोगशाळेत रिपोर्टर अ‍ॅसे करते, म्हणजे एखादं जनुक किती चालतंय ते उजेडावरून मोजते. फॉइलमध्ये गुंडाळलेली ती छोटी व्हायल फ्रीझरमधून काढायची, मंद उजेडात अल्कोहोलमध्ये विरघळवायची आणि लगेच वापरायची, कारण हवेत ते आपलं आपण खराब होत जातं. गॉसियाच्या प्रथिनावर थेंब पडला की उजेड क्षणात चढतो आणि काही सेकंदांत उतरू लागतो. एरवी आम्ही मशीनवरचे आकडे बघतो, पण प्रथिन दाट असेल आणि खोलीत पूर्ण अंधार असेल, तर ट्यूबच्या तळाशी तो निळा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हेच द्रव्य प्राण्याला टोचलं की रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं, आणि ज्या पेशींत ल्युमिनॉप्सिन आहे तेवढ्याच उजळतात. चॅनेल शेजारीच जोडलेलं असल्याने त्या उजेडाला जायचं असतं ते काही नॅनोमीटर.

भावाला मी यातलाच फिटचा प्रयोग समजावून सांगितला. रॉबर्ट ग्रॉस यांच्या गटाने पेशींना शांत करणारे ल्युमिनॉप्सिन उंदरांच्या मेंदूत एकापेक्षा जास्त ठिकाणी बसवले. मग एकाच इंजेक्शनने त्या सगळ्या जागा एकदम आवरल्या आणि झटके कमी झाले. फिटचं जाळं मेंदूत पसरलेलं असतं, आणि अशा प्रत्येक जागी वायर कोण नेणार? हे मला फार मोलाचं वाटतं. तरी त्याला हेही सांगितलं, की जनुक आत पोचवायला विषाणू टोचावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा एकदा तरी कवटी उघडावी लागते. आणि हे अजून प्राण्यांपुरतंच आहे.

उणिवा आहेतच. लेसर मिलिसेकंदात चालूबंद होतो, इथे हिशेब मिनिटांचा. प्रकाशही क्षीण, म्हणून जास्त तेजस्वी ल्युसिफेरेज आणि जास्त संवेदनशील चॅनेल यांच्या जोड्या शोधण्यावर सध्या बरीच मेहनत चालू आहे. माझ्या मते फिट किंवा पार्किन्सनसाठी ही मंद गती चालून जावी, तिथे गरज सावकाश आवरण्याचीच असते.

2023 मध्ये बार्सिलोनाच्या मायकेल क्रीग यांच्या गटाने तर सी. एलेगन्स या चिमुकल्या अळीत एका चेतापेशीत ल्युसिफेरेज आणि दुसरीत प्रकाशाने उघडणारं चॅनेल बसवलं. पहिली उत्तेजित झाली की उजळते आणि दुसरी तो उजेड टिपते. एरवी हा निरोप रसायन पोचवतं, इथे तो फोटॉनने, म्हणजे प्रकाशकणाने पोचवला. ज्या दोन पेशींचा एकमेकींशी संबंधच नव्हता, त्या अशा जोडता आल्या.