सात बोटांचा माणूस

चिऊचं जुनं चित्र लावायची, आतून दिवे असलेली पेटी झाली एकदाची. रात्री दिवा लावला आणि नंतर झोपच लागली नाही. तक्रार पेटीबद्दल नाही, पेटी मस्त झालीय.

चिऊ म्हणाली, "त्या छोटीला हे किती भारी यायचं ना? मला आता असं नाही जमत." एवढंच. मग पेटी आडवी केली, कोरा कागद वर ठेवला आणि बसली गिरवत.

छोटी म्हणजे तीच, चार वर्षांची असतानाची. भलंमोठं डोकं, डोक्यातूनच फुटलेले दोन पाय, कानांच्या जागी हात, पोटाचा पत्ताच नाही. त्या वयात बरीच मुलं माणूस असाच काढतात म्हणे. तरी मला तो फक्त आमच्याच घरात जन्मलेला वाटतो. आता तिच्या माणसांना मान असते, पट्टा असतो, बुटाला नाडी असते. चांगलंच आहे की. मग मला का लागलं?

करताना मजा आली होती खरं तर. 12 मिमी प्लायच्या चार पट्ट्या, कोपरे 45 अंशांत कापलेले, पुढच्या खाचेत 3 मिमीचं दुधी अ‍ॅक्रिलिक. करवत बाबांची. असो. एलईडीची पट्टी 12 व्होल्टची. तिच्यावर दर तीन दिव्यांनंतर खूण असते, तिथेच कापायची. मीटरला 60 दिवे, म्हणजे दोन दिव्यांत जेमतेम 17 मिमी. अ‍ॅक्रिलिक त्याहून जवळ आलं की दिव्यांचे ठिपके दिसायला लागतात, म्हणून खोली चांगली 50 मिमी ठेवली. आतून पांढरा रंग, मागच्या फळीला हवेसाठी भोकं. दादा म्हणाला, "विकत मिळते की." मिळते.

दिवा लागला तशा स्केचपेनच्या रेषा झळकन उजळल्या. तेलखडूने घोटलेला सूर्य मात्र काळा पडला, मेणाच्या थरातून उजेड येतोय कुठे. आणि कागद होता पाठकोरा. मागची माझी यादी उलटी होऊन त्या माणसाच्या कपाळावर उमटली: खिळे, बल्ब, डॉक्टरांना फोन. तो फोन कशासाठी होता ते आठवलं. मग मी सूर्याकडेच बघत राहिले.

रात्रभर डोक्यात तेच. ज्याच्यासाठी नाकातोंडात भुसा जाईपर्यंत घासत बसले, ते जिचं आहे तिला त्याचं काहीच नाही. शेजारच्या मुलीचं चित्र असावं तसं बोलली. मलाच ती छोटी हवीय, हिला नकोय. हिला का हवी असेल म्हणा, ही तर इथेच आहे. आहे ना? पहाटे पहाटे स्वतःची फारच कीव आली.

सकाळी जरा वाचलं. स्केचपेनचे रंग उजेडाने उडतात. संग्रहालयांत कागदावरची नाजूक चित्रं साधारण 50 लक्सच्या मिणमिणत्या उजेडात ठेवतात, आणि इथे तर पाठीमागे दिव्यांची अख्खी रांग. म्हणजे मूळ चित्र फाइलमध्ये, अंधारात. पेटीत लावायची ती नक्कल. आणि नक्कल तयारच होती. माझ्या दुःखाचा काही विचार करून तिने ती काढली नव्हती, पण काम झालं.

मग ती नक्कल नीट बघितली. जुनी रेघ हनुवटीपाशी येऊन थांबते, मिळतच नाही. हिने ती व्यवस्थित जोडून टाकलीय. आणि डाव्या हाताची सातातली दोन बोटं गायब.

"चुकली होती तिची," चिऊ म्हणाली. "मी नीट केली."

इतक्या गंभीरपणे म्हणाली की मला हसूच फुटलं. मूळ चित्राला हात लावायचा नाही, सातच्या सात बोटं राहणार, असं मी बजावलं. तिचं लक्ष नव्हतं. तिला बटण बाजूला हवंय, हात पोचेल असं. आणि अ‍ॅक्रिलिक जाड हवंय, कारण कोपर टेकलं की हे 3 मिमीचं मधोमध दबतं. म्हणजे पेटी आता चित्र लावायची राहिलेली नाही, ती गिरवायची झालीय, आणि माझी नाही, तिची. 5 मिमीचं बसवायचं तर खाच रुंद करायला हवी आणि कोपरे तर फेविकॉलने कायमचे धरलेत. भयंकर कंटाळवाणं काम आहे. रविवारी बसते.