समईला हात न लावता

रविवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस संध्याकाळपासून थांबलेला नाही. कोथरूडच्या आमच्या गल्लीत दोनदा वीज गेली, पण बॅटरीने साथ दिली. भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर आज पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१३ ही आवृत्ती बसवली.

त्यावरच्या डेबियन १२ या लिनक्स प्रणालीसोबत पायथन ३.११ येतंच. "मग दुसरं कशाला, आत्या?" तिने विचारलं. ३.१३ मध्ये टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ओळी लिहून पाहायची सोय फार सुधारली आहे. रंग आहेत, आणि चार ओळींचं फंक्शन चुकलं तर ते अख्खं परत आणून दुरुस्त करता येतं. शिकणाऱ्या मुलीला हे हवंच.

पण आधीच्या पायथनला हात लावायचा नाही, हे तिला पहिल्यांदा सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जुनं काढून नवं घालावं म्हणून मी माझ्या मशीनवरचं पायथन ॲप्ट या प्रोग्राम घालण्या-काढण्याच्या आज्ञेने काढलं होतं. त्याच्यावर विसंबलेली कितीतरी पॅकेजेस, म्हणजे इतर प्रोग्राम, सोबत गेली. मशीन पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. ते पायथन सिस्टिमने आपल्या कामासाठी ठेवलेलं असतं, हे त्या रात्री कळलं. देवघरातली समई उचलून माळ्यावर सामान शोधायला कुणी चढत नाही. डेबियन १२ मध्ये पायथनची जोड-पॅकेजेस उतरवणारं साधं पिप इन्स्टॉलही अडवलं जातं आणि वेगळं व्हेन्व, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कप्पा, करायला सांगितलं जातं. मला ते अगदी पटतं.

म्हणून नवं पायथन सोर्सवरून, म्हणजे त्याच्या मूळ कोडवरून, बांधायचं ठरवलं. आधी मशीन तपासणारी कॉन्फिगर ही आज्ञा, मग बांधणीची मेक. ओळी सरसर वर जात होत्या आणि ती टक लावून बघत होती. पायथन स्वतः सी भाषेत लिहिलेलं आहे, हे तिला तेव्हा कळलं. पायथन पहिल्यांदा लोकांच्या हाती आलं १९९१ मध्ये, लिनक्सची घोषणाही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली, आणि आपल्या पुण्यात सीडॅक या संगणक-संशोधन संस्थेचा परम ८००० महासंगणकही १९९१ चाच. माझ्या मनात ही तिन्ही कधी शेजारी आली नव्हती.

शेवटी न बनलेल्या मॉड्यूल्सची, म्हणजे पायथनच्या भागांची, यादी आली. त्यात सुरक्षित जोडणीचं एसएसएल होतं. ते नसेल तर पिपला नेटवरून काही उतरवता येत नाही. त्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मशीनवर होती, पण बांधणीला लागणाऱ्या तिच्या हेडर फाइल्स वेगळ्या, डेव्ह नावाच्या पॅकेजमध्ये असतात. ओपनएसएसएल, झेडलिब, एसक्यूलाइट, रीडलाइन, लिबएफएफआय अशा सगळ्या लायब्ररींची डेव्ह पॅकेजेस घातली आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात केली. कुणीकुणी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या या लायब्ररी, आणि त्यांच्याशिवाय भाषा अर्धीच! शेवटची आज्ञा मेक ऑल्टइन्स्टॉल, जुन्याचं नाव न घेता नवं शेजारी बसवणारी. नुसतं इन्स्टॉल म्हटलं असतं तर पायथन३ हे नाव नव्याकडे गेलं असतं.

मग तिने विचारलं, "मराठीत लिहिलं तर चालेल?" व्हेरिएबलचं नाव बेरीज ठेवलं. चाललं. अवतरणात '१२' लिहून इंटला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनला, दिलं, तर १२ च मिळाले. अवतरण काढून आकडा नुसता लिहिला, तेव्हा मात्र चूक दाखवली. मला हे ठाऊक होतं, तरी तिचा चेहरा बघून डोळे भरून आले.

आता ती चाचणीचे गुण मराठी आकड्यांत लिहून सरासरी काढते आहे. दूध गरम करून तिच्या शेजारी ठेवलंय.