बॅटरी टर्मिनलची पहिली दुरुस्ती

चावी फिरवल्यावर नुसते ‘कट-कट’ ऐकू आले, आणि बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवर, पांढरट-हिरवी पूड साचलेली दिसली, म्हणून हे काम एकट्यानेच करायचे ठरवले. १० मिमीचा पाना, हातमोजे, चष्मा, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश एवढे पुरले. आधी ऋण टोकाची वायर काढावी, कारण ते टोक गाडीच्या सांगाड्याशी जोडलेले असताना धन टोकावरचा पाना पत्र्याला टेकला, तर शॉर्टसर्किट होते. जोडताना क्रम उलटा. ही एवढी गोष्ट ड्रायव्हिंग स्कूलमध्येच शिकवायला हवी, असे मला मनापासून वाटते. सोड्याच्या पाण्याने पूड फसफसून निघाली. टर्मिनल कोरडे करून आवळल्यावर गाडी सुरू झाली; इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजणाऱ्या मल्टिमीटरने बॅटरीवर १४ व्होल्ट दाखवले, म्हणजे अल्टरनेटरही (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारा भाग) बॅटरी नीट चार्ज करत होता.