वळण

गेल्या महिन्यात एका बँकेनं माझा अर्ज परत पाठवला. सही जुळत नाही म्हणे. काउंटरवर गेले, तर तिथल्या माणसानं दोन कागद शेजारी शेजारी मांडले आणि पेनाचं टोक एका अक्षरावर टेकवलं. "देखो मॅडम, ये ‘ल’ अलग है, और ये ‘ल’ अलग है."

खरंच होतं. माझ्या नावात एक ‘ल’ आहे, आडनावात एक. खातं उघडताना मी दोन्ही ‘ल’ हिंदीतले काढले होते, उजवीकडे उभा दंड असलेले. या अर्जावर दोन्ही मराठीतले, मधल्या देठाच्या दोन बाजूंना पाकळ्या पसरून बसलेले. तोतयेगिरीचा संशय यावा इतका फरक. आता त्याला काय सांगू? ज्या दिवशी जो हातातून निघेल तो माझा ‘ल’, हे काही अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. घर मराठी, शाळा हिंदी, आणि देवनागरी दोन्हीकडे एकच, असं सगळे धरून चालतात. मला पहिला ‘ल’ आजीनं शिकवला, रामबागेतल्या जुन्या घराच्या ओट्यावर, पाटीवर. पहिलीत बाईंनी त्याच ‘ल’भोवती लाल गोल काढला. मी रडत घरी आले. आजीनं शाळेचा ‘ल’ लांब धरून, जवळ धरून न्याहाळला आणि म्हणाली, "हा काय ‘ल’ आहे? काठी टेकून उभा राहिलेला म्हातारा दिसतोय." मग कित्येक वर्षं शाळेच्या वहीत म्हातारे आणि घरच्या किराण्याच्या यादीत पाकळ्या, अशी माझी विभागणी चालू राहिली.

पाकळ्या हा शब्द माझा नाही बरं का. महाराष्ट्र शासनानं 2009 साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात आजीच्या ‘ल’चं नाव आहे ‘पाकळीयुक्त ल’. मराठी ‘श’चं नाव तर त्याहून सुंदर, ‘देठयुक्त श’. सरकारी कागदात पाकळी आणि देठ! कुणाच्या तरी टेबलावर त्या दिवशी फूल ठेवलेलं असणार. फोनपर्यंत मात्र तो निर्णय अजून पुरता पोचलेला नाही. तुम्ही हे वाचताय त्या स्क्रीनवर कुठला ‘ल’ उमटलाय, एकदा बघून घ्या. बहुतेक म्हातारेच असतील.

आजीची तक्रार खरं तर काठीबद्दल नव्हती. तिचं म्हणणं, त्याला वळण नाही. हा तिचा फार लाडका शब्द. रस्त्याला असतं ते वळण, अक्षराला असतं तेही वळण, आणि मुलीला लागत नाही तेसुद्धा वळणच. तिसऱ्या वापराचा अधिकार आमच्याकडे मावशीनं घेतलेला आहे. "सव्वीस वर्षांची झाली, नोकरी करते, आणि रविवारी सकाळी जलेबीवाल्यासमोर उभी राहून त्याच्या हाताचे व्हिडिओ काढते. काही वळण लावलंत की नाही हिला, ताई?"

व्हिडिओ काढते, हे खरं आहे.

रविवारी सकाळी इंदुरात पोहे-जलेबी खाल्ली नाही तर सोमवार उजाडत नाही. (जिलबी म्हणायचं असतं, ठाऊक आहे. पुण्याचे पाहुणे आले की आम्ही तसं म्हणतो.) आई पोहे बांधून घेते, वर शेव आणि जिरावण हा मसाला किती टाकायचा यावर तिची त्या भैयाशी दर आठवड्याला नव्यानं बोलणी होतात, आणि तेवढ्या वेळात मी शेजारच्या तईजवळ उभी असते. तिथला माणूस पन्नाशीचा असेल. फडक्याच्या मधोमध शिवून घेतलेलं एक भोक, त्यात आंबवलेल्या मैद्याचं पीठ, आणि मूठ आवळून तो गरम तुपावर फिरायला लागतो. तुपावर स्थिर असं काहीच नसतं. आधीची जलेबी सरकत असते, बुडबुडे ढकलत असतात, आणि या हलत्या पाटीवर तो बाहेरून आत येणारी तीन वेटोळी काढतो, शेवटी मनगटाला एक छोटा झटका देऊन धार तोडतो. त्या झटक्यानं मधोमध एक गाठ बसते. ती गाठ नसेल तर उलटताना जलेबी उसवते. मी दोन वर्षं बघतेय. त्याच्या सगळ्या जलेब्या एकसारख्या नसतात, पण सगळ्या त्याच्याच असतात. तो नसतो तेव्हा त्याचा मुलगा बसतो. त्याची वेटोळी अंमळ सैल, गाठ मोठी. बघून सांगते मी, आज बाप आहे की लेक. आई म्हणते चव तीच आहे. असेल.

चित्रांच्या प्रदर्शनातले जाणकार सही न बघता चित्र कुणाचं ते ओळखतात म्हणून आपण केवढे भारावतो. आमच्या कॉलनीतल्या बायका चकलीचा एक तुकडा मोडून ती कुणाच्या हातची ते सांगतात, आणि काट्यांवरून भाजणी कुणाकडची तेही. ‘हातचं’ हा आपला शब्द मला म्हणूनच आवडतो. माणूस समोर नसतो, त्याचा हात त्या वस्तूत राहून गेलेला असतो.

सराफा बाजारात रात्री खाऊच्या गाड्यांवर मिळणारा जलेबा मात्र माझ्या मनातून उतरलाय. बाहेरगावचे लोक तो चेहऱ्याशेजारी धरून फोटो काढतात. ताटलीएवढा आकार आणि जाड जाड कडी. थोरपणा दिसतो, पण वळण कुठे विरघळलं कोण जाणे. हे माझं मत झालं. इंदुरात असं चारचौघांत बोललं तर लोक आधार कार्ड मागतात.

मल्हारगंजाकडे एक पेंटरकाका आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवणारे. त्यांचं बरंचसं काम फ्लेक्सनं खाल्लं, आता ते गाड्यांचे नंबर आणि क्वचित एखाद्या हट्टी दुकानदाराची पाटी रंगवतात. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कुणाच्या तरी शटरवर काम करताना. खडूच्या भुकटीत बुडवलेला दोरा दोन्ही टोकांना ताणून धरला, मधे चिमटीत उचलून सोडला, टप्प! पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटली. खाली तशीच दुसरी. मग चपटा ब्रश घेऊन अक्षरं काढायला सुरुवात. मी विचारलं, आधी अक्षरं का नाही काढत, डोक्यावरची रेघ आपण तर शेवटी देतो. ते मागे न बघता म्हणाले, "बेन, पेले डोरी बांधते हैं, फिर कपडे सुखाते हैं."

वाळत घातलेले कपडे! तेव्हापासून मला प्रत्येक पाटीवर शिरोरेघेची दोरी दिसते आणि तिच्यावर वाऱ्यानं हलणारी अक्षरं. ‘व’चं पोट फुगलेलं, ‘र’ एका चिमट्यावर लटकलेला.

गंमत म्हणजे आमच्या ट्रंकेतल्या एका कागदावरही असंच आहे. पणजोबांच्या वेळचा, मोडीत लिहिलेला. होळकरांच्या राज्यात मोडी लिहिणारा हात म्हणजे पोटापाण्याची सोय, तसा पणजोबांचाही असावा. मोडीत ओळभर शिरोरेघ आधी ओढून घ्यायची आणि मग होता होईल तो लेखणी न उचलता त्या रेघेखाली अक्षरं धावत न्यायची. आणि मोडीच्या शैलींना काय म्हणतात माहीत आहे? वळणंच. चिटणिसी वळण, बिवलकरी, महादजीपंती, रानडी. घराण्यांसारखी. गाण्यातलं घराणं जसं दोन तानांत कळतं, तसं जाणत्याला कागद कुठल्या वळणाचा ते कळत असणार. आमच्या घरात एकालाही मोडी येत नाही. मला तो कागद सुंदर वाटतो, एकाच श्वासात घातलेला कशिदा जसा. चौकट करून बैठकीत लावूया असं मी सुचवलं, तर बाबा म्हणाले, "आधी वाचून घे कुणाकडून. कर्जाचा निघाला तर भिंतीवर कशाला मिरवायचा?" कागद परत ट्रंकेत गेला.

चित्रकलेच्या बाबतीत इंदूरला छाती पुढे काढायला जागा आहे. ना. श्री. बेंद्रे 1910 साली इथेच जन्मले, देवळालीकरांच्या हाताखाली इथेच शिकले. चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, पण त्यांचं लहानपण या गल्ल्यांतलं. ही नावं आम्ही पाहुण्यांना राजवाडा दाखवताना सांगतो, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे या माहितीच्या जोडीनं. मला यांच्यातले जवळचे कोण विचाराल तर मी तिसरंच नाव घेईन. विष्णू चिंचाळकर, ज्यांना इथे सगळे गुरुजी म्हणायचे. कुमार गंधर्वांचे स्नेही. मी कळती होण्याआधीच ते गेले. त्यांचं काम मी फोटोंतूनच जास्त पाहिलंय. वाळक्या फांद्या, पानं, फुटक्या-तुटक्या वस्तू, लोक ज्याला कचरा म्हणतात ते सगळं. त्या फांदीत मुळातच पक्षी असतो, गुरुजी तो नुसता आपल्याकडे वळवून ठेवतात. कापायचं नाही, ठोकायचं नाही, जमेल तितकं कमी हात लावायचं. मावशी मला जे लावू बघते, ते गुरुजींना प्रत्येक काटकीत आधीच लागलेलं दिसायचं.

2017 पासून आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, आणि त्या आनंदात प्रत्येक उड्डाणपुलाचे खांब रंगवले गेलेत. मोर, कमळ, झाडू घेतलेली हसरी मुलं. मला त्याचा राग नाही. पण सकाळी ओला-सुका कचरा वेगळा करताना आईनं सुक्यात टाकलेली शिंदीच्या झाडूची मोडकी काडी मी उचलून घेते तेव्हा वाटतं, गुरुजींचं इंदूर आणि कचरागाडीचं गाणं वाजणारं इंदूर यांची एकदा भेट व्हायला हवी होती. त्या काडीत मला अजून काही दिसलेलं नाही. खिडकीत ठेवली आहे. मावशीनं दोनदा फेकली, मी दोनदा परत आणली.

आईचं सगळं लहानपण माळव्यातलं. पितृपक्षात ती शेजारच्या मुलींबरोबर संजा मांडायची. भिंतीवर शेणानं आकार काढायचा, त्यावर गुलबाक्षीच्या, झेंडूच्या पाकळ्या चिकटवायच्या, रोज नवा. चौथीला चौपड, सप्तमीला साथिया म्हणजे स्वस्तिक, आणि शेवटी सगळ्यांत मोठा किलाकोट, म्हणजे किल्ला. रोज कालचं खरवडून काढायचं. "मग ठेवायचात ना," मी म्हटलं. आई म्हणाली, "ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुठे काढलं असतं?" आता बाजारात छापील कागदाची संजा मिळते, भिंत खराब होत नाही. आईनं एकदा आणली होती. सोळा दिवस एकच संजा बघून ती कंटाळली. पुढच्या वर्षी गच्चीच्या कठड्याच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ती बोटानं शेण ओढत बसलेली मला सापडली. वय वर्षं चौपन्न. "बघू नकोस," म्हणाली. "हात विसरलाय." हात काही विसरलेला नव्हता. चंद्राची कोर तिनं एका झटक्यात काढली, मधे न थांबता, पणजोबांच्या मोडीसारखी.

तिच्या कपाटातल्या, नर्मदेकाठच्या महेश्वरात विणलेल्या माहेश्वरी साडीच्या काठावरही हेच सापडतं. विणकरांनी काठांना नावं काय दिलीत बघा: चटई, वीट, लहर. घरात अंथरायची चटई, घाटाच्या भिंतीतली वीट, पायरीवर आपटणारी नर्मदा. किल्ल्यात बसून दूरचं काही शोधायला ते गेलेच नाहीत. आई बँकेत, लग्नात, सगळीकडे लहरीच्या काठाची तीच साडी नेसते. मावशीच्या मते आता ती टाकायला हवी.

तर मागच्या रविवारी मी घरी जलेबी करायची ठरवली. फडक्याला भोक पाडलं, कडा शिवली, मैदा रात्री भिजवला. आईनं तूप द्यायला साफ नकार दिला, तेलात कर म्हणाली. आजी खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली. तिचा हात आता थरथरतो, किराण्याच्या यादीत तिच्या पाकळ्या कुरकुरीत झाल्यासारख्या दिसतात. दोन वर्षं बघितलेलं सगळं माझ्या डोळ्यांत होतं, पण मनगटाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिली जलेबी पसरून धिरडं झाली. दुसरीनं मधेच धार सोडली. तिसरीला एक वेटोळं बरं आलं, मग हात घाबरला आणि सरळ खाली ओढला गेला.

ती पाकातून काढून बशीत घालून आजीपुढे ठेवली. आजीनं चष्मा सरकवला, बशी लांब धरली, जवळ धरली.

"हा हिंदीतला ‘ल’ झाला," म्हणाली, आणि काठीच्या बाजूनं खायला सुरुवात केली.