तुम्ही विचारलंत म्हणून: प्रशिक्षणात खेळ कोणते घेता?

परभणी असो की बीड, शिक्षकांचं प्रशिक्षण चालवणारा नवा सुलभक हेच विचारतो: ‘सर, शिक्षक कंटाळू नयेत म्हणून तुम्ही खेळ कोणते घेता?’ पहिले मी खेळ सांगायचो. आता सांगतो, मुलांच्या वह्या मागवा.

खेळांशी माझं वैर नाही. लोक दोन-दोन गाड्या बदलून तालुक्याला येतात, सकाळी दहा मिनिटं हसले तर बिघडलं काय? पण हसले म्हणजे शिकले, असं मीच कितीतरी दिवस धरून चाललो होतो. अभिप्रायात ‘उत्कृष्ट’ आलं की मला पुरायचं.

अशाच एका रंगलेल्या दिवशी चौथीच्या एका बाईंनी वही पुढे केली. ३०४ − १२८ = १८६. ‘सर, हातचा पाचदा शिकवला, तरी पोरगी हेच लिहितेय. नेमकं काय करू?’ मी म्हणालो, ‘काड्या घ्या, पहिल्यापासून समजावा.’ उत्तर १७६ हवं होतं, तेवढंच मी पाहिलं. पोरीनं शतक फोडून दहा दशक केले होते. त्यातला एक एककाला दिला होता, चाराचे चौदा झाले, आठ गेले, सहा उरले. हे सगळं बरोबर होतं. फक्त एक दशक दिल्यावर दहाचे नऊ करायचे राहिले, म्हणून दहातून दोन गेले आणि आठ आले. एका पायरीवर अडलेल्या पोरीला मी मुळापासून शिकवायला लावलं. बाईंनी वही पिशवीत घातली आणि उरलेले दोन दिवस काही विचारलं नाही. त्याही अभिप्रायात ‘उत्कृष्ट’च होतं.

म्हणून आखणी वहीपासून. आठ दिवस आधी निरोप द्यायचा: वर्गाला ८१ − ४६ आणि ३०४ − १२८ घाला, वह्या न तपासता आणा, नावावर कागद चिकटवा. चार-चार जणांचे गट, गटाला तीन वह्या, पंचवीस मिनिटं. प्रश्न एकच: ८१ − ४६ चे ४५ आणि ३०४ − १२८ चे २२४ लिहिणारं पोरगं ७२ − ३८ ला काय लिहील? ज्या गटाला ४६ सांगता आलं, त्याला पोराचा नियम सापडला: वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान काढायचा.

जेवणानंतर डोळे जड होतात, तेव्हा काड्या. गटाला ३०४ लागतात, आदल्या दिवशीच बांधून ठेवा. शतकाचा गठ्ठा दहा-दहाच्या दहा जुड्यांचाच हवा. शंभर सुट्या काड्या एका रबरात बांधल्या तर दशक दिसतच नाही, आणि नेमकं दहाचे नऊ होताना दिसायला हवेत.

केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, टिपण घेत मागे बसले की सुवाच्य, बिनचूक वह्याच बाहेर निघतात. त्यांनाही गटात बसवा, जुड्या सोडायला द्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय. ते तास भरतील. पण फरक पडला का, ते बघायला मी पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, त्याच मुलाची वही परत मागतो. दिवाळीनंतर मात्र तेही जमत नाही. पोरगं आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं असतं आणि बाई रिकाम्या हातानं येतात. त्या दिवशी त्यांच्यासमोर काय ठेवायचं, ते अजून माझ्या आखणीत बसलेलं नाही.